थंड फाटकाकडे जाऊ नकोस

१

"थंड फाटकाकडे जाऊ नकोस, सैकाल. तिथं तुला धरायला बसलेत."

आवाज अंगणात शोकासाठी उभारलेल्या लोकरी तंबूच्या भिंतीतून आला. सैकालनं दचकून गाल मागं घेतला. घरच्या लेकीनं बसायचं असतं तशी ती पाठ सगळ्यांकडे आणि तोंड लोकरी भिंतीकडे करून सकाळपासून रडत बसली होती. वडिलांना न्यायला पुरुष आत शिरले होते आणि बायकांचा आक्रोश टिपेला पोचला होता. नेमका तोच मोका साधून बाहेरून कुणीतरी लोकरीला ओठ लावले होते. कुजबुज बाईची की पुरुषाची, तेही कळायला मार्ग नव्हता.

"कोण आहे?" तिनं घाबरून विचारलं.

"अंधार पडेपर्यंत पिठाच्या खोलीत लपून राहा. पुढचं आम्ही बघतो."

एवढं बोलून आवाज गेला. शेजारी बसलेली आई गुडघ्यांवर हात आपटत हंबरडा फोडत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पुरुषांनी तिरडी उचलली, बायका तंबूच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या, कारण कबरस्तानात बायका जात नाहीत. सैकालला वडिलांकडे डोळे भरून बघायचं होतं, पण तिची नजर सारखी मागं वळत होती. धरायला बसलेत. कोण बसलंय?

सैकाल या घरची लेक होती, पण या देशाची आता कुणी नव्हती. फरगाना खोऱ्यातल्या या किरगीझ गावाला एक कालवा चिकटून जातो. त्याच्या पलीकडे दुसरा देश. तिला पलीकडे दिली होती आणि ती तिकडचीच नागरिक झाली. मागं आईचं ऑपरेशन होतं तेव्हा व्हिसाची वाट न बघता कुंपणाखालून सरपटत आली आणि धरली गेली. तेव्हापासून तिच्या नावावर प्रवेशबंदी होती. आता वडील गेले म्हणून खूप विनवण्या करून तिनं तात्पुरता प्रवेश-परवाना मिळवला होता. एकदाच आत यायचं, त्याच फाटकातून एकदाच बाहेर जायचं, आणि तेही आज सूर्य मावळायच्या आत. चुकली तर बंदी जन्माची, वर इथली कोठडी. पलीकडे दोन पोरं शेजारणीच्या हवाली होती. नवरा रशियात बांधकामावर होता. ती अडकली तर पोरांना कुणी वाली नव्हता.

सीमेवरच्या चौकीला गावात सगळे तेमिर-कापका म्हणत, म्हणजे लोखंडी फाटक. वडिलांचं नावही तेमिरच. लहानपणी सैकालला वाटायचं की ते फाटक आपल्या वडिलांच्याच मालकीचं आहे. पण थंड फाटक हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. कालव्याकाठी बटाट्यांचं शीतगृह होतं, त्याला फाटक होतं खरं. पण तिथं तिला कोण कशाला धरेल?

कोट अंगावर असला की जीव थोडा थाऱ्यावर येईल, असं वाटून ती घरात गेली. कोटाच्या आतल्या खिशात परवाना होता, पासपोर्ट होता, फोन होता. खुंटीवर कोट नव्हता. खुंटीखाली काढून ठेवलेले तिचे तपकिरी बूटही नव्हते.

२

तोतुया एजे, सगळ्या गावाच्या थोरल्या ताई, दारातच भेटल्या. गावाच्या शाळेत त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, आणि आता गावच्या पांढऱ्या दाढीवाल्यांच्या पंचायतीत त्या एकट्या बाई होत्या. "दाढी नाही म्हणून काय झालं? डोक्यावरचे पिकलेत तेवढे पुरेत की," असं त्या म्हणायच्या. गालात कायम कुरुत असायचा, दह्याची वाळवलेली खारट गोळी. तो या गालातून त्या गालात गेला की समजायचं, बाईंचं डोकं चालू झालं.

सैकालच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून त्यांनी तिला भिंतीशी बसवलं. "पोरी, श्वास घे. आधी रडून घे नाहीतर आधी सांग. दोन्ही एकदम करू नकोस, मला कमी ऐकू येतं."

सैकालनं अडखळत सगळं सांगितलं. तिच्या गालांवर नखांचे ओरखडे होते. आली त्या दिवशी वडिलांचा चेहरा बघताच तिनं रीतीप्रमाणे स्वतःचं तोंड ओरबाडलं होतं, आणि आता त्या ओरखड्यांवर खारट पाणी झोंबत होतं.

तेवढ्यात भावजय बेरमेत चहाची किटली घेऊन आली आणि अर्धंमुर्धं ऐकून तिथंच उखडली. बेरमेत राजधानीत वाढलेली. तिचा आवाज गावाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा.

"हरवला? परवाना हरवला? अगं, हमी माझ्या नवऱ्यानं दिलीय! तू आज गेली नाहीस तर त्याची पाटबंधाऱ्यातली नोकरी गेली, वर खटला. वडिलांना पुरायला गेलाय बिचारा, आल्यावर त्याला काय हे सांगू?"

"कोट खुंटीवर कुणी टांगला होता?" एजेंनी विचारलं.

"मी. आणि सकाळीच हिला बजावलं होतं, तेमिर-कापकाला निघायचं झालं की मला सांग, मी गाडी बोलावते."

ओसरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी 'चक् चक्' केलं आणि एकमेकींकडे बघितलं.

"काय चक् चक्?" बेरमेतनं किटली खाली आदळली. "सासऱ्यांनीच मला सांगितलं होतं, पोरी, लोखंडाला लोखंड म्हण, मला काही गंज चढत नाही. त्यांना चालत होतं, तुम्हाला का झोंबतं?" आणि हे बोलताबोलता तिचा चेहरा एकदम वाकडा झाला. ती सासऱ्यांसाठी रडली, अगदी लहान पोरीसारखी.

एजेंनी कुरुत या गालातून त्या गालात सरकवला. "घर पालथं घाला. पण फाटकावर कुणी तोंड उघडायचं नाही. परवाना हरवला म्हणून सांगायला गेलीस तर चौकशी संपेपर्यंत तुला आत ठेवतील, आणि मुदत कोठडीतच संपेल."

घर पालथं घातलं. गाद्यांची चळत काढली, संदुका उघडल्या, तंदूरमध्येही बघून झालं. काही सापडलं नाही. सैकाल गोठ्यामागं गेली आणि भिंतीला धरून ओकली. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

३

तो ममात होता, कालव्याकाठचा. माणसं पलीकडे पोचवण्याचा त्याचा धंदा गावात सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणीच त्यावर बोलत नसे.

"ताई, ऐकलं मी. काळजी कशाला? मी आहे ना. कागद नको, शिक्का नको. शीतगृहाच्या मागं पाणी कमरेएवढंच आहे. अंधार पडला की सोडतो."

सैकाल एक पाऊल मागं सरली. अंधार पडेपर्यंत. मघाची कुजबुजही हेच म्हणाली होती.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? तुझ्या भावजयीचा आवाज ऐकून कालव्यातले बेडूकसुद्धा जागे झाले." तो हसला. "विचार कर. इकडच्या रजिस्टरात परत गेल्याची नोंद होणार नाही, एवढंच."

एवढंच! म्हणजे इकडे ती मुदत मोडून पळाली ठरणार आणि हमी दिलेल्या भावावर, कुबात आकावर, खटला होणार. पुढं आई गेली तरी तिला यायला मिळणार नाही. पण पोरं? पोरं तर दिसतील. ती मान हलवणार इतक्यात एजे गोठ्याच्या कोपऱ्यावरून आल्या.

"ममात, पदार्थविज्ञानात तू नापास झालास, पण पाण्याची खोली बरी मोजतोस. चालता हो."

"एजे, मी मदतच—"

"सकाळी तिरडी उचलत असताना कुठं होतास?"

"तिरडीला खांदा द्यायला. चारचौघांनी बघितलंय." तो गुरगुरला आणि निघून गेला. ते खरंही होतं. त्याचा चिखलाचा हात कफनाला लागला म्हणून मुल्ला त्याच्यावर खेकसला होता, हे सैकालनंच ऐकलं होतं.

अंगणात मोठ्या कढईत मांस रटरटत होतं. तिथं सोनुन जेंगे भांडी घासत होत्या. सैकालच्या धाकट्या काकांच्या या विधवा, म्हणून तिच्या जेंगे. काका आयुष्यभर दूरच्या खाणीत राबले, आणि सैकालचं लग्न झाल्यावर कुठे हे कुटुंब गावी परतलं, त्यामुळे सैकालची त्यांच्याशी फारशी सलगी नव्हती. त्यांची मुलगी आसेल मात्र सैकालच्या तोंडावळ्याची निघाली होती. पहिल्या भेटीत बघणारे दोघींना सख्ख्या बहिणी समजत.

"जेंगे, माझा कोट कुणी उचलताना दिसलं का?"

सोनुन जेंगेंनी वर बघितलं नाही. "मी सकाळपासून इथं राखेत हात घालून बसलेय, पोरी. मला काय दिसणार? ती थंड बादली जरा इकडे सरकव."

सैकालनं बादली सरकवली आणि बोटं झटकली. बादलीतून वाफा येत होत्या. बिचारीचं दुःखानं चित्त ठिकाणावर नाही, असं तिला वाटलं.

"आसेल दिसली नाही कुठं," एजे सहज बोलल्यासारख्या बोलल्या. "काकांना निरोप द्यायलाही आली नाही?"

"ताप आलाय. तीन रजया पांघरून पडलीय. नुसती कुडकुडतेय."

शेजारच्या अंगणात सोनुन जेंगेंचं घर दिसत होतं. मार्च संपत आला होता तरी डोंगरावरून वारा बोचरा येत होता. गावातल्या प्रत्येक धुराड्यातून धूर निघत होता. त्या एका धुराड्यातून निघत नव्हता.

सैकालनं आभाळाकडे बघितलं. सूर्य डोंगराकडे कलायला लागला होता. तिच्या मनात एकच विचार राहिला, लपायचा. ती कुणाला न सांगता पिठाच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली.

४

"सैकाल, दार उघड." एजेंचा आवाज होता. "तू आत बसलीस की चोराचं काम तूच पुरं केलंस."

तिनं कडी काढली. एजे पोत्यावर बसल्या. सैकालच्या केसांना पीठ लागलं होतं.

"मला भीती वाटते, एजे. ते धरायला बसलेत म्हणाला तो आवाज."

"भीती वाटावी म्हणूनच म्हणाला. आता ऐक. कुणाला तुला नुसतं अडकवायचं असतं तर त्यानं परवाना काढून चुलीत घातला असता, संपलं. कोट कशाला नेला? बूट कशाला?"

"विकायला?"

"तो कोट? कुत्रंसुद्धा अंथरूण म्हणून घेणार नाही. पोरी, ज्याला तुझे कपडे लागतात, त्याला तू व्हायचंय."

सैकालला आधी कळलंच नाही. मग कळलं. कुणीतरी तिच्या कोटात, तिच्या बुटांत, तिच्या नावानं फाटकातून पलीकडे जाणार होतं. सैकाल परत गेली अशी नोंद होणार होती. मग इथं उरलेली ही कोण?

"म्हणून तुला अंधारापर्यंत लपायला सांगितलं," एजे म्हणाल्या. "खरी सैकाल फाटकावर उगवायला नको. आता सांग, कुजबुज नेमकी काय होती? शब्दन् शब्द."

"थंड फाटकाकडे जाऊ नकोस."

"लोखंडाला तू काय म्हणतेस?"

"तेमिर. दुसरं काय म्हणणार?"

"तू लेक आहेस, तुझी जीभ मोकळी आहे. सुनांची नाही. सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, आणि नावासारखा शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही. तुझी आई नवऱ्याच्या नावापायी त्या चौकीला नुसतं 'तिथं' म्हणते, माहितीये ना? प्रत्येकीचा आपला आपला पर्यायी शब्द असतो. कुणी लोखंडाला काळं म्हणेल, कुणी कडक म्हणेल."

"कुणी थंड," सैकाल पुटपुटली.

"हां. म्हणजे कुजबुजणारा पुरुष नाही. ममात सरळ तेमिर-कापका म्हणाला असता. तुझी आई तुझ्या शेजारी रडत होती. तुझी थोरली काकू तुझ्या वडिलांची थोरली भावजय, तिला ते नाव घ्यायची मुभा आहे. बेरमेतची जीभ कशी चालते ते तू ऐकलंस, म्हाताऱ्यांना चक् चक् करायला लावते. शेजारणी काही सुना नव्हेत. राहिली कोण? तेमिरच्या धाकट्या भावाची बायको."

वाफाळती बादली सैकालच्या डोळ्यांपुढं आली. लोखंडी बादली!

"पण सोनुन जेंगे माझ्या कोटात मावायच्या नाहीत!"

"त्या नाही मावणार. पण तुझ्यासारखी दिसणारी, म्हणे तापानं कुडकुडणारी, आणि तरी जिच्या घरात चूल पेटलेली नाही, ती मावेल."

दोघी अंगण ओलांडून धावल्या. सोनुन जेंगेंनी त्यांना बघितलं आणि हातातली थाळी टाकून त्याही मागून धावत आल्या. घर गार पडलं होतं. कोपऱ्यात तीन रजया होत्या. एजेंनी त्या ओढल्या तर खाली गाजरांचं पोतं निघालं.

सोनुन जेंगे उंबऱ्यातच खाली बसल्या. "मला मारा," त्या म्हणाल्या, "पण तिला जाऊ द्या. तिचा लेक साबिर तिकडं आहे. नवऱ्यानं ठेवून घेतला आणि हिच्यावर तिकडची बंदी. लेकरू आईचा चेहरा विसरलं असेल, सैकाल. तुझा आज ना उद्या सुटेल काहीतरी मार्ग, तुझा भाऊ आहे, एजे आहेत. माझ्या लेकीला कोण आहे?"

सैकालला संताप आला. त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. पायात सोनुन जेंगेंच्याच रबरी चपला अडकवून ती फाटकाकडे पळत सुटली.

५

फाटकाशी रांग लागली होती. बोचकी, बाळं, कांद्याची पोती, शिव्या. सैकालनं जीव मुठीत धरून एकेक पाठ बघितली. तिचा कोट रांगेत नव्हता. गेली! तिनं शेजारचा खांब धरला.

"तिकडं बघ," धापा टाकत पोचलेल्या एजे म्हणाल्या.

रस्त्याच्या कडेला रोट्या विकणारीचा हातगाडा होता. त्यामागं आसेल उभी होती. अंगात सैकालचा कोट, पायात सैकालचे बूट, कपाळापर्यंत ओढलेला पांढरा रुमाल. हातात सैकालचा फोन होता आणि तो वाजत होता. आसेल त्याच्याकडे नुसती बघत होती.

सैकाल तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आसेलनं पळायचा प्रयत्न केला नाही.

"दुपारपासून वाजतोय," ती म्हणाली. "बंद करायला गेले आणि चुकून उचलला गेला. तुझी धाकटी पोर होती. म्हणाली, आई, तू फाटकात आलीस का? मला हो म्हणायचं होतं, सैकाल. एवढंच म्हणायचं होतं. जीभच उचलेना. तेव्हापासून मी रांगेतून बाहेर येते, पुन्हा शिरते, पुन्हा बाहेर येते."

"तू मला इथं गाडलं असतंस."

"हो." आसेलनं मान खाली घातली नाही. "तीन वेळा अर्ज केला मी. विचारतात, तिकडं कोण वारलं? कोण मरणाच्या दारात आहे? कुणी नाही म्हटलं की अर्ज परत. तुझे वडील गेले तर तुला परवाना मिळाला. माझं तिकडं कुणी मरत नाही, सैकाल. माझं पोर जिवंत आहे, म्हणून मला परवाना नाही."

एजेंनी गालातला कुरुत थुंकून टाकला. गाड्याआड कोट बदलला गेला, बूट बदलले गेले.

सैकाल खिडकीशी पोचली तेव्हा ऊन डोंगराच्या कडेला लागलं होतं. खिडकीतल्या तरण्या शिपायानं पासपोर्टवरचा फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. सैकालचे डोळे सुजून बारीक झाले होते, गालांवर खपल्या होत्या, केसांत पीठ होतं.

"ही तू नाहीस."

"मीच आहे, साहेब."

"हा कोट मघाशी रांगेत दुसरीच्या अंगात होता. मी बघितलाय." तो उभा राहिला आणि त्यानं बोट केलं. "ए, रुमालवाली! इकडं ये."

आसेल आली. शिपायानं फोटो दोघींच्या मधे धरला. आसेलचा चेहरा स्वच्छ होता, केस विंचरलेले होते. कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं तेच सांगितलं असतं.

"फोटोतली ही आहे," शिपाई म्हणाला. "खरं काय ते सांगा. सैकाल कोण?"

सैकालनं आसेलकडे बघितलं. आसेलनं फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि फाटक तिच्यासाठी उघडणार होतं. पलीकडच्या रस्त्यावर पोरं सायकलचं चाक पळवत होती, आणि आसेल त्यांच्याकडे बघत होती. सैकालला वाटलं, आता ही म्हणणार. आपण असतो तर म्हटलं असतं.

"ही," आसेल म्हणाली. "हीच सैकाल. वडील गेलेत तिचे, तोंड बघा की ओरबाडलेलं. मी चुलत बहीण, पोचवायला आले. मला थंडी वाजत होती म्हणून तिनं कोट दिला होता."

शिपाई अजून खात्री पटल्यासारखा दिसत नव्हता. त्यानं परवाना वर धरला. "कुणाच्या मयताला आली होतीस? नाव सांग."

"तेमिर," सैकाल म्हणाली, आणि त्या शब्दासरशी तिला असा हुंदका फुटला की पुढं बोलताच येईना. वडिलांचं नाव म्हणून तो शब्द तिनं ते गेल्यापासून पहिल्यांदाच उच्चारला होता. खिडकीच्या कट्ट्यावर डोकं ठेवून ती रडली. शिपायानं नजर दुसरीकडे वळवली आणि शिक्का उचलला.

शिक्का पडल्यावर सैकाल मागं वळली. "साबिर कुठल्या गल्लीत राहतो?"

"मशिदीमागं. निळं दार."

"शुक्रवारी दुपारी शीतगृहासमोर कालव्याशी उभी राहा."

"वेडी आहेस का?" आसेल दबक्या आवाजात ओरडली. "तुझ्या नावावर नोंद आहे. कुंपणाशी पुन्हा दिसलीस तर—"

"माहितीये," सैकाल म्हणाली.

६

शुक्रवारी सैकालनं आपल्या बाजूनं साबिरला कालव्याशी नेलं. त्याच्या आजीला बाजाराचं निमित्त सांगितलं होतं. मनोऱ्यावरचा पहारेकरी ओरडू लागला, "ए बाई! मागं हो! कुंपणापासून मागं हो!" गेल्या वेळी असंच ओरडल्यावर तिला फरफटत नेलं होतं. तिला पळून जावंसं वाटत होतं, पण ती तिथंच उभी राहिली.

समोरच्या काठावर आसेल होती. मधे पाणी, दोन्हीकडे काटेरी तार. साबिर सैकालच्या कोटाआड लपला. त्याला ती बाई ओळखता येत नव्हती. पहारेकऱ्याला आणि त्या रडणाऱ्या बाईला तो सारखाच घाबरला होता.

आसेल हाका मारता मारता थांबली. तिनं डोळे पुसले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडून विचारलं, "साबिर! दात पडला का रे?"

पोरगा थोडा बाहेर सरकला. मनोऱ्यावरची शिट्टी वाजत होती, जिन्यावर बुटांचा आवाज येत होता. साबिर सैकालचा हात सोडून तारेपर्यंत गेला, मान वर केली आणि तोंड होईल तेवढं उघडून त्यानं पलीकडे दाखवलं.